एक हलला की सहा

पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागली की आमची खाडी गप्प होते. एरवी पहाटेपासून ट्रॉलरांची ये-जा चालू असते. ती धडधड भिंतीच्या चिऱ्यांतून घरात शिरते, मांडणीवरची भांडी बारीक वाजत राहतात, आणि त्याची इतकी सवय झालेली असते की बंदीच्या पहिल्या पहाटे मला त्या शांततेनेच जाग येते. मग दोन महिने होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर माडाची झापं नाहीतर निळ्या ताडपत्र्या. नाखवे दाढी वाढवून पत्ते कुटतात आणि बाजारात सुक्या बोंबलांशिवाय काही दिसत नाही. साऱ्या किनाऱ्याची सुट्टी. आमच्या घरात मात्र हीच सुगी. दर्या बंद असतो तेव्हाच इंजिनं उघडता येतात ना!

आत्ता मी ओटीवर लिहायला बसले आहे आणि मागच्या शेडमधून सुनेची हाक आली, "आई, या ना, टॅपेट धरायचेत!"

म्हटलं, "आले गो, एवढं वाक्य पुरं करते."

वाक्य केव्हाच पुरं झालंय. बघू दे जरा वाट.

तुम्ही म्हणाल, ही बाई सुनेवर जळते की काय? जळते तर! ती या घरात आली त्या वर्षीच्या बंदीपासून जळते, आणि दरवर्षी होड्या वर आल्या की ते जळणंही खालून वर येतं. यात लाजायचं काय? इंजिनसुद्धा जळल्याशिवाय चालत नाही.

आता इंजिनाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या ह्यांनी जन्मभर एकाच जातीची इंजिनं केली. जुनी, सहा सिलिंडरची, सहाही एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखी. कुठे बंद पडलेल्या चिरेखाणीतलं, कुठे खडी फोडायच्या मशीनचं, कुठे जनरेटरचं. लोक भंगारात काढायचे आणि हे उचलून आणायचे. उघडायचं, गंज काढायचा, जे मोडलंय ते दुसऱ्या मेलेल्या इंजिनातलं काढून याच्यात घालायचं, आणि जमिनीवर आयुष्य काढलेलं ते धूड ट्रॉलरमध्ये बसवून दर्यात धाडायचं. "म्हातारपणी समुद्र बघतंय बिचारं," म्हणायचे.

या सहांची एक गंमत आहे. ती ओळीने पेटत नाहीत. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार असा त्यांचा नंबर लागतो. पण वर-खाली करतात ती जोडीने. एक आणि सहा एकदम वर येतात, दोन आणि पाच एकदम, तीन आणि चार एकदम. बेरीज करून बघा, दर वेळी सात. दोघं एकाच उंचीवर येतात, पण आग मात्र एकाच्याच घरी. दुसरा त्या वेळी उरलासुरला धूर बाहेर टाकून नवा श्वास घेत असतो, त्याच्या डोक्यावरच्या झडपा तेवढ्या हलतात. पुढच्या फेऱ्याला उलट. झडपेला आमच्याकडे वॉल म्हणतात. प्रत्येक वॉलच्या डोक्यावर पातळ पत्रा जाईल एवढी फट ठेवावी लागते, त्याला म्हणायचं टॅपेट धरणं. आणि ते धरायचं कसं, तर एक हलला की सहा धर. पाच हलला की दोन. तीन हलला की चार. ज्याचा हलतोय त्याला हात लावायचा नाही, त्याच्या पलीकडच्या जोडीदाराला लावायचा.

हे मला कोणी शिकवलं नाही. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच चिऱ्याची भिंत आहे. हे पलीकडे एकटेच पुटपुटत काम करायचे, मी अलीकडे पिठी ढवळत ऐकायची. तीन हलला की चार. मला वाटायचं, हे सगळं मला एकटीलाच माहीत आहे. सोन्याची एक पुतळी गुपचूप पेटीत ठेवावी तसं मी ते ठेवलं होतं.

आणि ह्यांचा एक लांब डिसमिस होता. गॅरेजवाले स्क्रूड्रायव्हरला डिसमिस का म्हणतात देव जाणे. त्याची मूठ शिसवीची, ह्यांनी स्वतः बसवलेली. चालू इंजिनावर टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. डॉक्टर नळी लावतात ना, तसंच. मूठ कानाच्या घामाने काळी तुळतुळीत झालेली. ऐकून झालं की डोळे उघडून म्हणायचे, "पाचात वारा आहे." उघडून बघावं तर खरोखर पाचातच.

आणि इकडे मी. आमच्या वेळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मी ह्यांना हाक मारायची ती "अहो, ऐकलंत का?" आणि हे मला "ऐकलंस का?" लग्न होऊन आल्या दिवसापासून मी विचारते आहे, ऐकलंत का, ऐकलंत का. उत्तर यायचं, "हं." ते हं तरी माझ्यासाठी असायचं की तिसऱ्या सिलिंडरसाठी, कोण सांगणार?

शेजारणी म्हणायच्या, इंजिन तुझी सवत आहे. मला कधी तसं वाटलं नाही. लोखंडावर काय जळायचं? जळायला माणूस लागतं.

तोवर माझी जागा पक्की होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी ताक घुसळत बसले होते, हे दारात उभे राहून बघत होते. नवी नवरी मी, मला वाटलं मला बघताहेत. हे बघत होते माझे हात. रवीची दोरी तुटली होती म्हणून मी रवी दोन्ही तळव्यांत धरून फिरवत होते, पुढे-मागे, पुढे-मागे. म्हणाले, "ऐकलंस का, ते ताक राहू दे. जरा माझ्याबरोबर ये." शेडमध्ये नेऊन हातात काठी दिली, तिच्या टोकाला रबराची वाटी. ती वाटी वॉलला चिकटवायची, खाली खरखरीत लेप लावायचा, आणि काठी तळव्यांत धरून अशीच फिरवायची, म्हणजे वॉल त्याच्या बैठकीवर घासून घासून चपखल बसतो. त्या दिवसापासून सहाही सिलिंडरचे वॉल माझे. दुपारचं आवरलं की मी मागल्या दारी पाट टाकून बसायची. बाहेर पाऊस, मांडीवर जुनं गोणपाट, आणि हातांत घर्र-घर्र, घर्र-घर्र. लेप नवा असताना आवाज जाडा येतो, वॉल बसत आला की मऊ होत जातो. शेवटी नुसतं कुजबुजल्यासारखं. मग हे हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, उलटं ठेवून त्यात रॉकेल ओतायचे. रॉकेल झिरपलं नाही की माझ्याकडे बघून मान हलवायचे. एकदाच. ती मान मला पुरायची.

पूर्णगडचे कासमनाखवा तर दर वर्षी सांगायचे, "वैनी, तुमच्या हातचा वॉल दर्याला जुमानत नाय." मी म्हणायची, "नाखवा, तुमचा दर्या जुमानतो पण माझा नवरा जुमानत नाही, त्याचं काय?" ते खोऽखो हसायचे आणि हे विचारायचे, "काय म्हणाली?"

आणि मग ती बंदी.

आमचा मुलगा विनय आखातात टगबोटीवर असतो. वैशाखात त्याचं लग्न झालं आणि होड्या वर यायच्या आत तो परत गेलासुद्धा. नवी सून घरात राहिली. मयुरी, खेडची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बघायला गेलो तेव्हाच मला समजायला हवं होतं. पोहे आले, चहा आला, आणि हे तिच्या वडिलांशी गिअरबॉक्सबद्दल बोलत बसले. ती मुलगी बशा उचलता उचलता म्हणाली, "बाबा, तो बेअरिंगचा आवाज होता, गिअरचा नव्हे." आमच्या ह्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. विनयने तिला नंतर पसंत केलं. आधी ह्यांनी केलं.

त्याच सुमारास कासमनाखवांच्या ट्रॉलरचं इंजिन गेलं. ब्लॉकच तडकला होता, सांधायला काही उरलं नव्हतं. नाखवा आमच्या ओटीवर येऊन नुसते बसून राहिले. एवढा आडदांड माणूस, पण चहा गार झाला तरी कपाला हात लावेना. नारळी पुनवेला बाकीच्या होड्या सुटणार आणि नाखवांची वाळूत राहणार. चार खलाशांची घरं तिच्यावर. हे म्हणाले, "बर्फाच्या कारखान्यामागे एक धूड पडलंय."

ते बर्फाचा कारखाना बंद पडल्यावर तिथेच टाकून दिलेलं जनरेटरचं इंजिन. करवंदीच्या जाळीत अर्धं बुडालेलं. ट्रॉलीवर घालून आणलं तेव्हा त्यातून मुंगळे निघत होते. हेड उघडलं तर सहाही पिस्टन जाम. हे म्हणाले, बंद पडलं त्या क्षणी ज्याचे वॉल उघडे राहिले त्याच्यात खारा वारा शिरला आणि तो जास्त गंजला, ज्याचे मिटलेले होते तो वाचला. मला हे ऐकून उगीच काहीतरी झालं. कोण उघडं राहणार आणि कोण मिटलेलं, हे काय त्यांनी ठरवलं होतं?

मग प्रत्येक पिस्टनवर रॉकेल आणि तेल ओतून ते इंजिन झाकून ठेवलं. हे म्हणायचे, भिजत घातलंय. मी म्हणायची, मुरत घातलंय. लोणच्यासारखं रोज सकाळी हे झाकण उघडून बघायचे, बोट बुडवायचे, परत झाकायचे. माझाच शब्द पुढे सगळ्या शेडमध्ये रूढ झाला. नाखवा बाहेरूनच ओरडायचे, "मुरला काय हो?"

मयुरी पहिल्यांदा शेडमध्ये गेली ती चहा घेऊन. मी थालीपीठ लावत होते. थालीपीठ झालं, उतरवलं, दुसरं लावलं, तरी ही परत येईना. भिंतीला कान लावला. पलीकडून तिचा आवाज, "बाबा, या नटाला चौदाचा पाना नको, तेराचा बसेल." आणि मग ह्यांचं हसणं. हे हसले! या माणसाने माझ्या विनोदावर कधी दात दाखवले नव्हते.

थालीपीठ करपलं. तेच मी तिच्या पानात वाढलं. तिने ते मुकाट्याने खाल्लं आणि वर म्हणाली, "आई, खमंग झालंय." आता अशा मुलीचं काय करायचं?

त्यानंतर रोजचंच झालं. सकाळची भाकरी-भाजी ती झटपट उरकायची, खोट काढायला जागा ठेवायची नाही, आणि साडी खोचून शेडमध्ये. हळूहळू साडीचा पंजाबी ड्रेस झाला. जेवायला बसली की तिच्या हातांना डिझेलचा वास यायचा. तोच वास ह्यांच्या हातांना जन्मभर येत होता, आणि मला वाटायचं, या घरात तो वास एकाच माणसाचा आहे. जेवताना दोघंच बोलायची. लायनर, रिंगा, नोझल. मी टाकळ्याची भाजी वाढत फिरायची. एकदा मी मध्येच म्हटलं, "भाजीत मीठ बरोबर आहे का?" तर हे म्हणाले, "तिसऱ्याला जरा जास्तच लागेल."

आणि एके दिवशी, मागल्या दारी मी त्याच इंजिनाचे वॉल घासत बसलेली, भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला पाढे शिकवावेत तसा. "एक हलला की सहा. म्हण."

"एक हलला की सहा."

"पाच हलला की दोन."

"पाच हलला की दोन."

माझे हात थांबले. माझी पेटीतली पुतळी कुणीतरी काढून दुसरीच्या गळ्यात घातली, आणि घालणाऱ्याला ती माझी होती हेसुद्धा माहीत नाही. मी ओरडून सांगू शकले असते की अहो, मला येतं ते, तीन हलला की चार, सगळं येतं. पण मला कोणी विचारलंच नव्हतं. मग मी त्या वॉलवर असा जोर काढला की तो बिचारा आजही त्याच्या बैठकीवर घट्ट बसलेला असेल.

याहून मोठा घाव पुढे होता. मयुरी एकदा कोकमं फोडायला माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, बाबांना नीट ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "त्यांना कधी ऐकू येत होतं?"

"तसं नव्हे हो. ते डिसमिस डाव्या कानाला लावायचे ना? आता उजव्याला लावतात. आणि उजव्याला लावूनसुद्धा तिथेच घुटमळतात. मी बघतेय."

कोकमाचा लाल रस माझ्या कोपरापर्यंत ओघळला तरी मला कळलं नाही. हिला यायला अजून एक हंगाम पुरा झाला नव्हता, आणि हिला कळलं. मला का नाही कळलं? कारण उघड आहे. मी ऐकलंत का म्हणायची आणि हे उत्तर द्यायचे नाहीत, हे इतकी वर्षं चालत आलेलं. त्यातलं न ऐकणं कधी संपलं आणि ऐकूच न येणं कधी सुरू झालं, कशावरून ओळखायचं? तरीही. तरीही ते मला आधी दिसायला हवं होतं. नवरा माझा होता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. ह्यांचा कान जाणार. कान गेला की डिसमिस कुणाच्या तरी हातात द्यावा लागणार. मुलगा तर आखातात. मग कुणाच्या? मी मनात म्हणायची, विचारा की मला. भिंतीच्या अलीकडे बसून मी जन्मभर तेच आवाज ऐकले. ह्यांचं इंजिन रुसलंय की रंगात आलंय, मला भाताला आधण ठेवता ठेवता कळायचं. एकदा हाक मारून तर बघा.

चालू करायचा दिवस आला. नारळी पुनव तोंडावर होती. इंजिन शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर उभं, हिरवा रंग दिलेला, मुंगळ्यांच्या दिवसांची खूणही नाही. नाखवा पूर्णगडहून आले, येताना नारळ घेऊन. मी हात पुसून दारात उभी राहिले. नारळ फुटला, बॅटरी लावली, ह्यांनी चावी दिली. इंजिन गरगरलं, खोकलं, आणि पांढरा धूर टाकून थांबलं. पुन्हा दिली. पुन्हा पांढरा धूर. सगळी शेड भरून गेली. नाखवा खोकत ह्यांना म्हणाले, "अण्णा, हा मुरलाय की कुजलाय?"

ह्यांचा चेहरा मात्र उतरला.

झालं होतं असं, की पंपाचा डिझेल सोडायचा नंबर एकावर लावायचा असतो, एक पेटायच्या बेतात वर येतो तेव्हा. पण एक आणि सहा बरोबर वर येतात! दोघांतला कोण पेटायला आलाय ते हे नेहमी कानाने ओळखायचे. डिझेल फवारणारं नोझल काढून एकाच्या भोकाशी कान न्यायचा. दाबलेली हवा फुस्स करून सुटली तर त्याची पाळी, नाही सुटली तर पलीकडच्याची. या वेळी फुस्स झालं ते सहाला, आणि ह्यांना ते एकाला झाल्याचा भास झाला. आग चुकीच्या घरी गेली. जी चूक ह्यांनी उमेदवारीतसुद्धा केली नव्हती ती नाखवांसमोर झाली, आणि ती का झाली हे शेडमध्ये तिघांना माहीत होतं. नाखवांना नव्हतं, एवढीच देवाची कृपा.

मयुरी पुढे झाली. तिने नोझल काढलं, एकाच्या भोकावर अंगठा ठेवला आणि ह्यांच्याकडे बघून मान हलवली. ह्यांनी क्रँक सावकाश फिरवला. एका जागी तिचा अंगठा उडाला. "आत्ता, बाबा. आत्ता एक." पंप पुन्हा लावला. चावी दिली.

काय सांगू! ते असं सुरू झालं की पत्र्यावरचं पाणी थुईथुई उडालं. नाखवांनी ह्यांना मिठीच मारली. पण ह्यांचं लक्ष मिठीत नव्हतं. त्यांनी पाय जमिनीवर घट्ट रोवले होते, तळव्यांतून काहीतरी लागत होतं. म्हणाले, "कुठेतरी वाजतंय. बारीक." आणि डिसमिस हातात घेतला. एकदा डाव्या कानाला लावला, एकदा उजव्या. मग तो हातात धरून वळले. एका बाजूला मी, एका बाजूला ती. दोघी एकाच उंचीवर उभ्या.

आणि तो डिसमिस त्यांनी माझ्यापुढे धरला. "ऐकलंस का," म्हणाले, "ये."

मी पुढे गेले तेव्हा पायाखाली जमीन होती की नव्हती मला आठवत नाही. टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. मूठ ऊबदार होती. डोळे मिटले, जसे ते मिटायचे.

आणि काही नाही. म्हणजे नुसता बाजार. सहाही जण एकदम ओरडताहेत, कुणाचं कुणाला कळत नाही. एकावरून दोनावर गेले, तोच बाजार. तीनावर तोच. भिंतीपलीकडून जे मला लख्ख कळायचं ते भिंत काढल्यावर काहीच कळेना. मी डोळे उघडले. हे माझ्याकडे बघत होते, माझ्या तोंडाकडे. मी त्या गदारोळात आपलं म्हटलं, "सगळं एकच वाजतंय हो."

हे हसले. "मग झालं तर. सगळं एकच वाजलं पाहिजे."

डिसमिस मयुरीकडे गेला. ती सरळ पाचावर थांबली. "पाच. टॅपेट सैल आहे, टिकटिक करतोय." ह्यांनी मान हलवली. एकदाच. माझ्या वॉलांसाठी हलायची तशीच.

नाखवांची होडी पुनवेच्या आदल्या दिवशी पाण्यात गेली. आम्ही पूर्णगडला जाऊन नारळ सोडला. सगळी आनंदात होती. मला भाड्याच्या गाडीत पुढे बसवलं, नाखवांच्या घरून सांदण आलं, ते मीच सगळ्यात जास्त खाल्लं. पण परत येताना मागच्या सीटवर ती दोघं बोलत होती आणि मी खिडकीतून खाडी बघत होते. आत कुठेतरी टिकटिक चालूच होती. ते टॅपेट कुणी धरायचं?

घरी आल्यावर चपला काढता काढता मयुरी म्हणाली, "आई, एक विचारू? मशीन एवढं गरजत होतं. मी बाबांच्या कानात ओरडले तरी त्यांना कळत नव्हतं. तुम्ही तर साधंच बोललात. त्यांना कसं ऐकू आलं?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?" खरंच ठाऊक नव्हतं. पण तिच्या आवाजात काहीतरी होतं. तो सूर मी ओळखला. गेले दोन महिने तो माझाच होता.

आता ह्यांचे दोन्ही कान गेले. कानातलं यंत्र आणलंय, ते शिट्टी मारतं म्हणून देव्हाऱ्यात ठेवलंय. शेड मयुरी चालवते. पूर्णगडपासून नाखवे येतात, आणि आता वैनी वैनी कोणी करत नाही, विचारतात, "मयुरीताई हाय काय?" विनय सुट्टीवर आला की बायकोच्या हाताखाली पाने पुसत असतो. तिचा कान असा आहे की खाडीतून जाणाऱ्या होडीचा आवाज ऐकून ती घरात बसून सांगते, कुठल्या सिलिंडरमध्ये खोट आहे ते. मी अजून वॉल घासते. हात दुखतात, पण ते काम मी कुणाला देत नाही. तिने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "आधी ताक घुसळून दाखव." तिचं ताक फुटलं.

पण टॅपेट धरायचं काम अजून ह्यांचंच. त्याला कान लागत नाही, बोटं लागतात, आणि पातळ पत्रा त्या फटीत किती घट्ट सरकतो हे ह्यांच्या बोटांइतकं कुणाला कळत नाही. मयुरी एकाच्या बाजूला उभी राहून क्रँक फिरवते, हे सहाच्या बाजूला पत्रा घेऊन वाकलेले. एक हलला की तिने सांगायचं. पण सांगणार कसं? ती ओरडते, ह्यांना ऐकू येत नाही. तिने पाटीवर लिहून बघितलं, चष्मा शोधण्यात वेळ गेला. हातवारे केले, तर हे चिडले, "नाच कसला करतेस? बोल की!" ती बोलते. हे तिच्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि म्हणतात, "काय?"

मग मला बोलावतात. खिडकीपाशी माझा स्टूल ठेवलेला आहे, उजेड तोंडावर येईल असा. ती तिकडून म्हणते, मी इकडे नुसते ओठ हलवते. आवाजसुद्धा काढत नाही. आणि हे लगेच, "हां, हलला," म्हणून सहाला हात घालतात. इतकी वर्षं मला वाटत होतं हा माणूस माझं काही ऐकत नाही. हा बघत होता. त्या हं हं करण्यात कधीतरी माझं सगळं बोलणं त्याने डोळ्यांनी पाठ करून ठेवलं होतं, मीठ-मिरचीसकट.

परवा मयुरी पाना आपटून म्हणाली, "मला सहा सिलिंडरमधलं सगळं ऐकू येतं, पण बाबांशी एक शब्द बोलायचा तर तुम्हाला मध्ये घ्यावं लागतं. हा काय न्याय झाला?"

तिचा चेहरा लाल झाला होता. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तिला जवळ घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा असंही वाटलं, आणि तो मी फिरवलासुद्धा. पण आधी बरं वाटलं.

ही बघा, पुन्हा हाक आली. "आई! किती वाट बघायची? एक हलायला आलाय!"

जाते आता. स्टुलावर बसेन, पदर सारखा करीन. तिकडून ती ओरडेल, "हलला!" हे पत्रा धरून माझ्या तोंडाकडे बघत असतील, दुसरीकडे कुठेच नाही. मी घाई करणार नाही. आधी आपलं नेहमीचं, बिनआवाजाचं विचारीन, अहो, ऐकलंत का? ते म्हणतील, हं. आणि मग सावकाश सांगीन त्यांना, की एक हलला.